ज्याच्या हाती ससा

मराठीत एक जुनी म्हण आहे: ज्याच्या हाती ससा तो पारधी. रानात दिवसभर वणवण कोणी केली, माग कोणी काढला, जाळे कोणी लावले याची विचारपूस कोणी करीत नाही. संध्याकाळी वेशीतून आत येताना ससा ज्याच्या हातात दिसतो त्यालाच गाव पारधी म्हणते. म्हणीचा सूर उपरोधाचा आहे. जग असे चालते, एवढेच ती सांगते. जगाने असेच चालावे, असे ती म्हणत नाही. जे चालते आणि जे चालावे या दोहोंमधील अंतर मोजणे हे नीतिशास्त्राचे काम होय.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या सशाविषयी लिहिणार आहोत तो रानातला नाही, कागदावरचा आहे. त्याचे नाव ऑस्वाल्ड. मिकी माऊस ठाऊक नाही असे मूल आज शोधूनही सापडणार नाही. परंतु मिकीच्या आधी, त्याच चित्रकारांच्या हातून जन्मलेला आणि काही महिने अमेरिकेतील चित्रपटगृहांत गाजलेला हा लांब कानांचा ससा दीर्घकाळ विस्मृतीत गेला. त्याची हकिकत मनोरंजक आहेच. पण तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. निर्मिती कोणाची? ज्याने घडविली त्याची, ज्याने पैसा ओतला त्याची, की ज्याच्या नावाचा कागद आहे त्याची?

प्रथम हकिकत पाहू. वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स हे दोघे १९०१ साली जन्मलेले समवयस्क मित्र. १९१९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात जाहिरातींची चित्रे काढणाऱ्या एका संस्थेत त्यांची गाठ पडली. दोघांनी मिळून एक छोटा व्यवसायही करून पाहिला. तो टिकला नाही. १९२३ मध्ये डिस्ने हॉलिवूडला गेले आणि बंधू रॉय यांच्यासह त्यांनी स्टुडिओ उभारला. पुढे आयवर्क्सही तेथे आले. त्यांचे चित्रपट न्यूयॉर्कमधील मार्गारेट विंकलर या वितरित करीत असत. व्यंगचित्रपटांच्या व्यवसायात स्वतःच्या नावावर उभी राहिलेली ही पहिली स्त्री. विवाहानंतर तिचा व्यवसाय तिचे पती चार्ल्स मिंट्झ यांच्या हाती गेला आणि तिचे नाव मागे पडले. आमच्या कथेतील हरवलेल्या नावांपैकी हे पहिले नाव; पुढे आणखी येतील.

१९२७ मध्ये कार्ल लेम्ली यांच्या युनिव्हर्सल कंपनीला व्यंगचित्रपटांची मालिका हवी होती. मांजरांची त्या काळी पडद्यावर गर्दी झाली होती, म्हणून ससा ठरला. मिंट्झ यांनी मध्यस्थी केली, डिस्ने यांच्या स्टुडिओने चित्रे काढली, आणि ५ सप्टेंबर १९२७ रोजी ‘ट्रॉली ट्रबल्स’ हा ऑस्वाल्डचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. ट्राम हाकणारा ससा, वाटेत आडवी येणारी गाय, आणि चढावर दमून उतारावर उधळणारी ट्राम: एवढाच विषय, परंतु या सशाला स्वभाव होता. तो चिडे, लाजे, फुशारकी मारी, आणि अडचणीत सापडला की स्वतःच्याच शरीराचा अवयव काढून त्याचे अवजार करी. ध्वनी अजून आला नव्हता. सारा विनोद रेषेतून आणि हालचालीतून साधावा लागे. सहा-सात मिनिटांच्या अशा एका चित्रपटासाठी हजारो चित्रे एकामागून एक कागदावर रेखाटायची, ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायची आणि एकेक करून छायांकित करायची, असे ते काम होते. डिस्ने यांच्या स्टुडिओने ऑस्वाल्डचे असे २६ चित्रपट केले. ससा लोकप्रिय झाला. त्याच्या नावाने चॉकलेट निघाले, छातीवर लावायचे बिल्ले निघाले, मुलांनी चित्रे गिरवावीत म्हणून साचे निघाले. ज्यांनी त्याला रेखाटले होते त्यांना या विक्रीतून प्रसिद्धीपलीकडे काही मिळाले नाही.

फेब्रुवारी १९२८ मध्ये डिस्ने नवा करार करण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. चरित्रकार सांगतात की त्यांना प्रत्येक चित्रपटामागे २,२५० डॉलर मिळत होते आणि ते वाढवून २,५०० व्हावेत एवढीच त्यांची मागणी होती. मिंट्झ यांनी १,८०० देऊ केले. वर असेही कळले की ह्यू हार्मन आणि स्टुडिओतील बहुतेक चित्रकारांना त्यांनी आधीच आपल्याकडे वळवून ठेवले आहे. डिस्ने यांनी दर मान्य केला नसता तरी काम थांबणार नव्हते, कारण करारानुसार ऑस्वाल्ड युनिव्हर्सलचा होता. आयवर्क्स मात्र फुटले नाहीत. डिस्ने ससा सोडून परतले. स्टुडिओत उरलेले ऑस्वाल्डपट पुरे होत असतानाच आयवर्क्स यांनी इतरांच्या नजरेआड एका उंदराची चित्रे काढावयास घेतली. दिवसाला सातशे चित्रे ते काढीत असे सांगतात. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ हा मिकीचा बोलपट पडद्यावर आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आता विचार करू. मिंट्झ यांनी कोणता गुन्हा केला? कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर कोणताही नाही. ऑस्वाल्डचे हक्क युनिव्हर्सलचे राहतील असा करार होता आणि त्यावर डिस्ने यांची सही होती. ते अडाणी नव्हते, उपाशीही नव्हते. युनिव्हर्सलच्या बाजूने आणखीही बरेच बोलता येईल. पैसा त्यांनी घातला. मालिका पडली असती तर तोटा त्यांचा होता. चित्रपटगृहांचे जाळे त्यांचे होते. ते नसते तर हा ससा कॅलिफोर्नियातील एका टेबलाच्या खणातच राहिला असता. धोका पत्करणाऱ्याला त्याचे फळ मिळावे यात अन्याय तो काय? हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. करार पाळावेत हे व्यवहाराचे आणि नीतीचेही मूलतत्त्व आहे. ज्या समाजात शब्द पाळला जात नाही तेथे दुर्बळाचेच अधिक नुकसान होते.

परंतु करार हा न्यायाचा प्रारंभ आहे, न्यायाची परिसीमा नव्हे. अॅरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले. देवाणघेवाणीतील समतोल हा एक, आणि ज्याच्या योग्यतेनुसार ज्याला त्याचा वाटा देणे हा दुसरा. मिंट्झ यांचा व्यवहार पहिल्या मापाला कदाचित उतरेल. दुसऱ्या मापाला तो उतरत नाही. मालिका यशस्वी झाली ती चित्रकारांच्या कौशल्याने. आणि यशाच्या त्या ऐन घटकेला मोबदला वाढविण्याऐवजी घटविण्यात आला. ससा हाती असणे हे एक; त्या सशाचा धाक दाखवून पारध्याची मजुरी कापणे हे दुसरे. मालकी ही वस्तूवरची सत्ता आहे. ती माणसावरची सत्ता होऊ लागली की तिचे स्वरूप पालटते, मग कागदपत्र कितीही चोख असो.

येथवर वाचकांची सहानुभूती डिस्ने यांच्याकडे गेली असेल. परंतु आपण जरा थांबावे. ‘डिस्ने यांचा ससा’ हे शब्द तरी कितपत खरे आहेत? १९२० च्या दशकाच्या मध्यापासून डिस्ने यांनी स्वतः चित्रे काढणे जवळजवळ सोडले होते. कथा सुचविणे, विनोदाची जुळणी करणे, कोणते चित्र ठेवावे व कोणते टाकावे हे ठरविणे, आणि सर्वांकडून उत्तम काम करवून घेणे हे त्यांचे काम. रेषा प्रामुख्याने आयवर्क्स यांची. हालचाली हार्मन आणि इतरांच्याही. शाईने गिरविणाऱ्यांची नावे तर पडद्यावर कधीच आली नाहीत. अॅरिस्टॉटलनेच कोणत्याही वस्तूची चार कारणे सांगितली आहेत: उपादान, आकार, कर्ता आणि प्रयोजन. ती येथे लावून पाहिली तर उपादानाचा, म्हणजे कागद, शाई आणि सेल्युलॉइडचा खर्च अखेर युनिव्हर्सलच्या पैशातून निघत होता. आकार आयवर्क्स यांच्या हाताने दिला. कर्तेपण अनेकांत वाटलेले आणि त्याची सूत्रे डिस्ने यांच्याकडे. प्रयोजन मात्र प्रेक्षकाचे हसणे. चारांपैकी कोणत्याही एकाने ‘ससा माझाच’ म्हणावे आणि बाकीच्या तिघांनी गप्प बसावे, असा हा प्रकार नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात असे मांडले की मनुष्य निसर्गातील वस्तूत आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती वस्तू त्याची होते. एकट्या शेतकऱ्याने नांगरलेल्या एकट्या शेताला हे तत्त्व बरोबर बसते. पण जेथे दहा माणसांचे श्रम एकाच चित्रात मिसळले आहेत तेथे ते अपुरे पडते. म्हणून आम्हांस जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांचा विचार अधिक उपयोगी वाटतो. १७८५ मध्ये पुस्तकांच्या चोरट्या छपाईविषयी लिहिताना त्यांनी एक भेद केला. पुस्तक ही एक वस्तू आहे. ती विकत घेता येते, देऊन टाकता येते. परंतु पुस्तक हे लेखकाचे वाचकांशी बोलणेही आहे, आणि बोलणे ही वस्तू नव्हे, ती कृती आहे. ती ज्याची त्याचीच राहते.

या भेदाचा धागा धरून आम्हांस असे म्हणावेसे वाटते की मालकी आणि कर्तृत्व ही दोन निरनिराळी नाती आहेत. मालकी भविष्याविषयी बोलते: यापुढे ही वस्तू कोण वापरील, कोण विकील. म्हणून ती हस्तांतरित होऊ शकते. कर्तृत्व भूतकाळाविषयी बोलते: हे कोणी केले. आणि घडून गेलेली गोष्ट कोणत्याही करारपत्राने बदलता येत नाही. मी माझे घर विकले तर ते दुसऱ्याचे झाले. परंतु ज्या गवंड्याने ते बांधले तोच ते बांधणारा राहिला, आणि दहा खरेदीखते झाली तरी तोच राहील. मालकी सांगणारा मनुष्य हक्क सांगत असतो. दुसऱ्याचे कर्तृत्व स्वतःचे म्हणून सांगणारा मनुष्य असत्य सांगत असतो. असत्याला सही-शिक्क्याने सत्यता येत नाही.

योगायोग असा की ज्या वर्षी डिस्ने यांच्या हातून ससा गेला, त्याच १९२८ साली रोम येथे लेखनहक्कविषयक बर्न करारात सुधारणा झाली आणि हे तत्त्व प्रथमच त्यात लिहिले गेले. आर्थिक हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो, असे ते कलम सांगते. अमेरिका या करारात सामील झाली ती १९८९ मध्ये. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ याच तत्त्वावर उभे आहे. कायदा नीतीच्या मागून चालतो, पण कधीकधी तिला गाठतोही, याचे हे उदाहरण होय.

आता कथेचा असा भाग येतो जो आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा आहे. अन्याय सोसलेला मनुष्य त्यातून काय शिकतो? दोन धडे संभवतात. एक असा: घडविणाऱ्याच्या हातून त्याची निर्मिती अशी जाऊ नये, यापुढे माझ्या हाताखालच्यांवर ही पाळी मी येऊ देणार नाही. दुसरा असा: ससा पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. डिस्ने यांनी प्रामुख्याने दुसरा धडा घेतला. मिकीचे हक्क त्यांनी कधीच हातचे जाऊ दिले नाहीत. ‘स्टीमबोट विली’च्या शीर्षकावर आयवर्क्स यांचे नाव होते हे नमूद केले पाहिजे; परंतु जगात मिकीचा जनक म्हणून एकाच माणसाचे नाव झाले. १९३० मध्ये आयवर्क्स वेगळे झाले आणि स्टुडिओतील त्यांचा एक पंचमांश हिस्सा तीन हजार डॉलरपेक्षाही कमी रकमेत परत घेतला गेला. त्या दशकातील डिस्ने लघुपटांवर चित्रकारांची नावे बहुधा नसत. मे १९४१ मध्ये डिस्ने यांच्याच स्टुडिओतील चित्रकार संपावर गेले. वेतन आणि संघटनेची मान्यता हे मुख्य प्रश्न होते. पडद्यावर नाव न मिळाल्याचे शल्यही त्यात होते. तेरा वर्षांपूर्वी मिंट्झ यांच्या दारातून रिकाम्या हाताने निघालेला मनुष्य आता स्वतः दाराच्या आतल्या बाजूस उभा होता.

हे लिहिताना आम्हांस डिस्ने यांची निंदा करावयाची नाही. त्यांची प्रतिभा थोर होती, आणि आयवर्क्स १९४० मध्ये परत आले तेव्हा त्यांना स्टुडिओत संशोधनासाठी मोकळा वाव मिळाला. छायांकनातील त्यांच्या तांत्रिक शोधांबद्दल पुढे त्यांना ऑस्कर सन्मानही लाभले. मुद्दा व्यक्तीचा नाही. मुद्दा असा की दुःख मनुष्याला आपोआप न्यायी करीत नाही. ते त्याला सावध करते, आणि सावधपणा व न्यायबुद्धी या दोन गोष्टी एक नव्हेत. घरातल्या सासुरवासापासून कचेरीतल्या जाचापर्यंत आपण हेच पाहतो: काल ज्याने सोसले तो उद्या सोसावयास लावतो, आणि ‘आम्ही नाही का सोसले?’ असे वर म्हणतो. म्हणीवर जो भरडला गेला त्यानेच ती म्हण खरी करून दाखवावी, हा मानवी स्वभावाचा खेद वाटावा असा भाग आहे.

जे मिंट्झ यांच्याकडे गेले त्यांचे काय झाले? १९२९ मध्ये युनिव्हर्सलने मिंट्झ यांच्याकडूनही ससा काढून घेतला आणि तो वॉल्टर लँट्झ यांच्याकडे सोपविला. आयत्या बिळावर बसलेल्या नागोबाला दुसऱ्याने हुसकावले! हार्मन यांनी रुडॉल्फ आयझिंग यांच्यासह बॉस्को नावाचे नवे पात्र केले आणि त्याचे हक्क स्वतःकडेच ठेवले. १९३३ मध्ये निर्मात्याशी बिनसले तेव्हा ते बॉस्कोला घेऊनच बाहेर पडले. धडा इथेही तोच, आणि तोही दुसराच.

इकडे ऑस्वाल्ड लँट्झ यांच्या स्टुडिओत बदलत गेला. त्याचे काळे अंग पांढरे झाले, चेहरा गोंडस झाला, खट्याळपणा गेला. नाव तेच राहिले, ससा तो राहिला नाही. १९४३ नंतर पडद्यावर तो क्वचितच दिसला. मुलांच्या चित्रकथांत काही वर्षे उरला. मूळ २६ चित्रपटांपैकी बरेच नष्ट झाले किंवा हरवले. अलीकडच्या काळात काही अनपेक्षित ठिकाणी सापडले: २०११ मध्ये एक इंग्लंडमधील संग्रहात, २०१४ मध्ये एक नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, आणि २०१८ मध्ये एकाचा काही भाग जपानमध्ये.

फेब्रुवारी २००६ मध्ये या कथेला विलक्षण वळण मिळाले. डिस्ने कंपनीच्या दूरचित्रवाहिन्यांवरील नामवंत क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना प्रतिस्पर्धी एनबीसीकडे जायचे होते. युनिव्हर्सल आता एनबीसीच्याच समूहात होती. समालोचकाला करारातून मोकळे करण्याच्या बदल्यात डिस्ने कंपनीने इतर काही गोष्टींबरोबर ऑस्वाल्ड मागून घेतला. ७८ वर्षांनी ससा परतला. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच निवर्तले होते. त्यांची कन्या डायान हयात होती, तिला आनंद झाला.

हा न्याय झाला का? कन्येच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. पित्याची हरवलेली वस्तू घरी येण्यात एक ओलावा आहेच. परंतु नीट पाहिले तर ससा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. ज्या हातांनी तो रेखाटला ते हात केव्हाच थांबले होते. मिळालेली वस्तू मालकी होती. देणे राहिले होते ते कर्तृत्वाचे, आणि ते फेडण्यासाठी कोणत्याही वाटाघाटीची गरज कधीच नव्हती. खरे नाव सांगणे पुरेसे होते. या बाबतीत ज्या अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांतून आयवर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम शोधून काढले त्यांनी वकिलांपेक्षा अधिक न्याय केला, असे आम्ही म्हणू.

शेवटचा टप्पा १ जानेवारी २०२३ चा. अमेरिकन कायद्यानुसार ९५ वर्षांची मुदत संपून १९२७ सालच्या कृती त्या दिवशी सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि ‘ट्रॉली ट्रबल्स’ मधील ससा कोणाच्याच मालकीचा उरला नाही. आता त्याचे चित्र कोणीही काढावे, त्याची नवी गोष्ट कोणीही रचावी. मालकी अशी एक दिवस सरते. पण १९२७ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी हा ससा घडविला, हे विधान त्या दिवशीही जितके खरे होते तितकेच आजही आहे. दोहोंपैकी टिकाऊ नाते कोणते, हे त्यावरून कळावे.

कागदावरच्या सशाला दुःख नसते. त्याच्यावर अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. अन्याय होतो तो माणसांवर. आणि तो होण्यासाठी हॉलिवूड लागत नाही. आपल्या संस्थांची स्मरणिका निघते तेव्हा संपादक म्हणून कोणाचे नाव छापले जाते आणि रात्र रात्र जागून मुद्रिते कोणी तपासलेली असतात? नाटक बसते तेव्हा लेखकाचे नाव फलकावर असते का? शिक्षकाने केलेल्या टिपणांवर वरिष्ठाचे नाव कसे येते? कारागिराने घडविलेली वस्तू दुकानदाराच्या नावाने का ओळखली जाते? येथे बहुधा करारही नसतो, फक्त सवय असते. आणि सवय मोडावयास न्यायालय लागत नाही.

म्हणून वाचकांपुढे आम्ही तीन साध्या कसोट्या ठेवतो. ज्याचे काम त्याचे नाव सांगावे. त्यास काही खर्च येत नाही. यश आले तर मोबदल्याचा विचार पुन्हा करावा, कारण करार झाला त्या दिवशी ते यश कोणालाच ठाऊक नव्हते. आणि आपल्यावर जे गुदरले ते आपल्या हाताखालच्यांवर गुदरू नये याची काळजी घ्यावी. तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यात आपल्या दुःखाची भरपाई मागण्याचा मोह सोडावा लागतो. ज्याच्या हाती ससा त्याला लोक पारधी म्हणतील, ते म्हणोत. ज्याच्या हाती तो आहे त्याला मात्र पारध कोणी केली हे पक्के ठाऊक असते. गावाला ते सांगणे त्याच्याकडे लागते.